तीन हजार चारशे हर्ट्झ

पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत मी सहायक आहे. म्हणजे शिकवायला मास्तर वेगळे आणि शिकवलेलं निस्तरायला मी. यंत्रं काढून द्यायची, वायरी मोजून परत घ्यायच्या, फ्यूज कोणी जाळला ते शोधून काढायचं आणि जर्नलवर सही होण्याआधी रीडिंग खरं आहे का ते बघायचं. हे शेवटचं काम तुमचं नाही, असं मला आजवर दोन प्राचार्यांनी सांगून पाहिलं. मी ऐकलं नाही.

रीडिंग मारणं हा आमच्याकडचा जुना रिवाज आहे. मागच्या वर्षीचं कोणाचं तरी जर्नल पुढ्यात ठेवायचं, आकडे उतरवायचे आणि संशय येऊ नये म्हणून एखादा आकडा जरासा इकडेतिकडे करायचा. मला ते बघताक्षणी कळतं. खरं रीडिंग कधीच इतकं देखणं नसतं. मी ते पान लाल पेनाने उभं कापते आणि पुन्हा टेबलावर धाडते. पोरांनी मला एक नाव ठेवलंय. ते मला माहीत आहे आणि ते मी इथे सांगणार नाही.

पहिल्या दिवशी मी नव्या बॅचला फंक्शन जनरेटर दाखवते. शाळेच्या पेटीएवढा डबा, पुढे एक छोटा पडदा, काही बटनं, एक गोल नॉब. पोरं विचारतात, मॅडम, हे काय मोजतं? काहीच नाही. हे यंत्र मोजत नाही, दुरुस्त करत नाही, फक्त सांगू तसा सिग्नल देतं. सेकंदाला किती वेळा हलायचं ते सांगायचं, ती फ्रिक्वेन्सी, आणि ती हर्ट्झमध्ये. किती जोरात हलायचं ते सांगायचं, ते अॅम्प्लिट्यूड. आणि कुठल्या आकारात: गोलसर चढउतार हवा तर साइन, झटक्यात वर नि झटक्यात खाली हवं तर स्क्वेअर, सरळ चढण नि सरळ उतरण हवी तर ट्रँगल. असा आपल्याला पूर्ण ठाऊक असलेला सिग्नल सर्किटच्या एका टोकाला घालायचा आणि दुसऱ्या टोकाला काय निघतं ते बघायचं. आत काय घातलं ते पक्कं माहीत असतं, म्हणूनच बाहेर आलेल्यावरून आतला दोष सापडतो. एवढंच शास्त्र आहे. बाकी सगळा पसारा.

आणि मग दरवर्षी एक गाढव येतंच. “मॅडम, पडद्यावर एक व्होल्ट दिसतोय, पण सर्किटपाशी दोन येतोय. मशीन बिघडलंय.” मशीन बिघडलेलं नसतं. समोर पन्नास ओहमचा भार आहे असं धरून ते आकडा दाखवतं. पोरांनी भलतंच काहीतरी जोडलेलं असतं, म्हणून पोचतं ते वेगळं. पडद्यावर निघालेला सिग्नल दिसतो, पोचलेला नव्हे. पोचलेला बघायचा असेल तर जिथे पोचायला हवा तिथे प्रोब, म्हणजे मोजायची सुई, लावा. हे वाक्य मी इतक्या वेळा ओरडून सांगितलंय की शिपायालाही पाठ झालंय.

आता बाबांचं सांगते.

बाबा लाँचवर डायवर होते. आमच्या खाडीत डायवर म्हणजे सुकाणू धरणारा नव्हे. सुकाणूवर तांडेल असतो, वर, उजेडात, वाऱ्यात. डायवर खाली इंजिनाच्या खणात. तिथून त्याला पाणी दिसत नाही, धक्का दिसत नाही, काही दिसत नाही. डोक्यावर फळ्या, फळ्यांत एक चौकोनी झापड, आणि पुढ्यात धडधडणारं डिझेल इंजिन. मांडव्याला आता गाड्यांसकट माणसं नेणारी बोट आली. आमची मात्र तीच जुनी लाकडी लाँच: या तीरावरची माणसं, मच्छीच्या पाट्या, दोन-तीन मोटरसायकली, शाळेच्या बाई, सगळं पंधरा मिनिटांत त्या तीराला. बाबांनी जन्म त्या खणात काढला. पस्तीस वर्षं ते खाडी ओलांडत राहिले आणि खाडी त्यांनी फारशी पाहिली नाही.

वरून हुकूम यायचा तो घंटेने. तांडेलाच्या हाताशी दोरी, दोरी कप्प्यांवरून फिरत खाली, आणि बाबांच्या डोक्यावरच्या फळीला ठोकलेली पितळी घंटा. एक टोला म्हणजे पुढे. दोन म्हणजे थांब, गिअर मोकळा. तीन म्हणजे मागे. धक्क्याला लागताना दोन आणि लगेच तीन, म्हणजे लाँच आपोआप मंदावून टायरांना टेकते. लहानपणी मी खाली बाबांजवळ बसायचे तेव्हा तो टोला कानाच्या आधी पाठीत जाणवायचा. फळी थरथरायची.

गेल्या पावसाळ्यात लाँच नेहमीसारखी वर काढली होती. पावसानंतर पाण्यात सोडली तेव्हा खाऱ्या हवेने घंटेचा हूक गेला, घंटा खाली इंजिनावर पडली आणि चिरली. तांडेल बाबांना म्हणाला, “तुजी पोर शिकलेली हाय. तिला सांग ना, कायतरी करून दे लायटीवरचं.” बाबांनी तो निरोप मला ज्या तोऱ्यात दिला, त्या तोऱ्यात त्यांना मी नोकरीला लागले तेव्हाही बोलताना ऐकलं नव्हतं. “बाय, तुना जमंल ना?” न जमायला काय झालं? ही तर माझ्या टेबलावरची गोष्ट.

बझर म्हणजे तरी काय, एक छोटा जनरेटरच. एकच फ्रिक्वेन्सी, एकच आकार, बटन दाबलं की चालू. त्याला आवाज देते ती पातळ पितळी चकती, पिझो म्हणतात ती. प्रत्येक चकतीची एक लाडकी फ्रिक्वेन्सी असते. तिथे तिला थोडकी वीज दिली तरी ती जिवाच्या आकांताने वाजते, बाकी कुठे दिली तर नुसती कुरकुरते. ती जागा शोधायला मी चकती फंक्शन जनरेटरला जोडली आणि नॉब हळूहळू फिरवत गेले. पाचशेला काही नाही. हजारला कुजबुज. दोन हजारला बरं. तीन हजार चारशेवर चकती अशी किंचाळली की पलीकडच्या वर्गातले मास्तर दारात येऊन उभे राहिले. शिपायाने कानात बोटं घातली. मी खुशीत होते.

पुस्तकं काढून ताडूनही पाहिलं. माणसाचा कान सर्वांत तिखट असतो तो तीन ते चार हजारांच्या मध्ये. डिझेल इंजिनाची घरघर सगळी खालच्या पट्टीत. तेव्हा त्या घरघरीच्या डोक्यावरून जाईल असा बारीक, टोकदार आवाज हवा. तीन हजार चारशे. चकतीलाही तोच हवा, कानालाही तोच हवा. सगळं जुळत होतं. त्यातलं एकही विधान खोटं नव्हतं, हे मी आजही सांगेन.

डबा बंद केला, सांधे लांबीने बुजवले, आणि एका शनिवारी जाऊन जिथे घंटा होती तिथेच बसवला. तांडेलाच्या हाताशी बटन. इंजिन चालू करून चाचणी घेतली. मी खाली बाबांच्या शेजारी उभी. वरच्या झापडीच्या काठावर खलाशी काका एक पाय खाली सोडून, एक फळीवर ठेवून बसलेले. हे काका म्हणजे बाबांचे वीस-बावीस वर्षांचे सोबती. दोर फेकणं, माणसं चढवणं-उतरवणं, लाँच धक्क्याला लावणं ही त्यांची कामं. तांडेलाने बटन दाबलं. माझ्या दाढा शिवशिवल्या. काकांनी तोंड वाकडं केलं. बाबांनी एकाला गिअर पुढे टाकला, दोनाला मोकळा केला, तिनाला मागे घेतला. तिन्ही वेळा बरोब्बर. “झकास,” ते म्हणाले आणि इंजिन पुसायचं फडकं खांद्यावर टाकून काकांकडे बघून हसले.

मी विचारलं होतं, “बाबा, नीट ऐकू येतंय ना?” ते म्हणाले, “व्हय तं.” पोरांना मी प्रोब लावायला सांगते. स्वतःच्या बापाला मी तोंडी विचारलं आणि घरी आले.

आता मागे बघितलं की सगळं दिसतं, आणि दिसतं म्हणून माझाच मला संताप येतो. बाबांचा फोन कायम थरथरण्यावर, सदऱ्याच्या खिशात छातीला लागून. मला वाटायचं, इंजिनामुळे. कुकरच्या शिट्ट्या होऊन होऊन वरण करपायचं आणि हे समोरच्या पाटावर पेपर वाचत बसलेले. आई म्हणायची, “याला कुकर ऐकाया येत न्हाय, इंजिन बरं ऐकाया येतं.” आम्ही दोघी हसायचो. तेही हसायचे. कशावर हसतोय ते त्यांना कळलं होतं का, देव जाणे.

थंडी पडायला लागली होती. मी दुसऱ्या वर्षाच्या बॅचला यंत्रं वाटत होते आणि तांडेलाचा फोन आला. सकाळची दुसरी फेरी, पाण्याला ओहोटी. पुढच्या टोकाशी लावलेली एक मोटरसायकल स्टँडवरून घसरायला लागली, म्हणून खलाशी काका झापडीपासून उठून तिला धरायला पुढे गेले. धक्का जवळ आला तसा त्यांनी नेहमीप्रमाणे एक पाय बाहेर काढला, धक्क्याला टेकवून लाँच लोटायला. आमच्याकडे सगळे खलाशी असंच करतात, कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. तांडेलाने दोन दिले. लाँच मंदावली नाही. त्याने तीन दिले. मग बोट बटनावरून काढलंच नाही. “बजर नुसता बोंबलत व्हता बाय,” तांडेल म्हणाला, “धक्क्यावरच्यांनी कानाव हात ठेवलं.” इंजिन पुढेच ओढत राहिलं. लाँचचं नाक धक्क्याच्या दगडावर गेलं आणि मध्ये काकांचा पाय होता.

गुडघ्याच्या खाली काढावा लागला.

बंदर ऑफिसातून साहेब आले. लाँच बांधून ठेवली. बाबांना विचारलं तर ते एकच बोलत राहिले, “मना बजर आलाच न्हाय.” वरचे वीस जण सांगत होते की आला. तेव्हा मी सुट्टी टाकून गेले, डबा काढला, प्रयोगशाळेत आणून ऑसिलोस्कोपवर, म्हणजे सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, लावला. साइन अगदी स्वच्छ. तीन हजार चारशे, एका हर्ट्झचाही फरक नाही. आवाज पहिल्या दिवसासारखाच. मला आधी बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं खरं: माझं यंत्र ठीक आहे. मग लगेच दुसरा विचार आला, यंत्र ठीक आहे तर बाबांचा कान?, आणि मी खुर्चीत बसले.

काकांना भेटायला हॉस्पिटलात गेले. खाटेवर चादर एका बाजूला सपाट होती. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवून गेले होते आणि तिकडेच बघत होते. काकांचा चेहरा उतरलेला, पण आवाज तोच.

“सायबाला सांगितलंय मी,” ते म्हणाले, “माजा पाय घसरला म्हनून. डायवरचा काय दोष न्हाय, नि तुज्या बजरचा बी न्हाय. तू त्याचं मनाला लावून घेव नको.”

“काका, बझर वाजत होता. मी तपासलाय.”

“वाजत व्हता ना. मनाच म्हायती न्हाय?” ते थोडे उठून बसले. “बाय, एक काम कर. माज्या जागंव जो नवा येईल ना, त्याला सांगून ठेव. बजर झाला का झापडीजवलच्या फलीव पाय आपटायचा. येक झाला तर येक, दोन झाले तर दोन. तुज्या बापाला बजर येत न्हाय. पाय आपटला का मंग कलतं त्याला, डोक्याव धप होतं ना. मी पयल्या दिसापासून तेच करतंय.”

मी विचारलं, “बाबांनी सांगितलं होतं तुम्हाला, तसं करायला?”

“न्हाय. तो कशाला सांगंल? तू टेस्टिंग घेत व्हतीस तवा त्याचं तोंड बघितलं मी. तू डब्याकडं बघत व्हतीस. मी त्याच्याकडं बघितलं नि पाय आपटला. आमी त्याच्याव कदी बोललो न्हाय. त्या दिशी गाडी धरायला गेलो, मंग फलीव कोन मारनार पाय?”

कुठला पाय, ते मी विचारलं नाही. काकांना पाणी दिलं, काकींना जेवणाचा डबा दिला, बाहेर येऊन पायरीवर बसले आणि खूप रडले. दोन महिने माझ्या तीन हजार चारशे हर्ट्झच्या यंत्राचं काम एक माणूस टाचेने करत होता. आणि मी बॅचच्या बॅचला ते यंत्र कसं बनवलं त्याची गोष्ट कौतुकाने सांगत होते.

बंदर ऑफिसातल्या साहेबांना प्रकरण वाढवायचं नव्हतं. खलाशी स्वतः म्हणतोय पाय घसरला, तर विषय संपला. दोन्ही तीरांवरची माणसं रस्त्याने लांबचा फेरा मारून कामाला जात होती, त्यांचीही कुरकुर चालली होती. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, “मॅडम, बझर तुम्ही केलाय, तुम्ही सरकारी संस्थेत आहात. एका कागदावर लिहून द्या की बझर चालतो आणि डायवरला तो ऐकू येतो. चाचणीचे आकडे घाला हवं तर. सोमवारपासून लाँच सोडू.” म्हणजे सोमवारी बाबा पुन्हा खणात. वर तीस-चाळीस माणसं. आणि फळीवर पाय मारायला, मी सांगितलं तर, कोणीतरी नवा खलाशी. तो कधी मोटरसायकल धरायला पुढे जाणार नाही असं थोडंच आहे?

रविवारी दुपारी मी बाबांना प्रयोगशाळेत घेऊन गेले. ते तिथे कधीच आले नव्हते. पांढरा सदरा घातला होता, पायात चपला नव्या. दारात चपला काढायला लागले, मी नको म्हटलं तरी काढल्याच. यंत्रांवरून हात फिरवत चालले. मी ऑसिलोस्कोप लावून त्यांना पडद्यावर साइन दाखवली. नॉब फिरवला की लाटा दाटीवाटीने जवळ येतात, उलट फिरवला की लांब होतात, ते त्यांना फार आवडलं. “भरतीचं पानी कसं,” म्हणाले. त्यांनी स्वतः दोन-तीनदा नॉब फिरवून पाहिला. तेवढी दहा मिनिटं बरी गेली.

मग मी त्यांना खुर्चीत बसवून हेडफोन घातला. जनरेटरची वायर त्याला जोडली. डॉक्टरकडचं कान तपासायचं यंत्र म्हणजे हेच: ठरावीक फ्रिक्वेन्सी, ठरावीक जोर, ऐकू आलं की बोट वर. माझं यंत्र त्यांच्याइतकं काटेकोर नाही, पण मला काटेकोर उत्तर नकोच होतं. मी कागदावर तक्ता आखला. एका रकान्यात फ्रिक्वेन्सी, दुसऱ्यात किती जोरावर ऐकू आलं ते.

अडीचशे. बोट लगेच वर. पाचशे. वर. हजार. वर. मी लिहीत गेले. दोन हजारला जोर बराच वाढवावा लागला. तीन हजारला बोट वर आलं, आणि मला संशय आला. मी नॉबला हात लावला की ते बोट वर करत होते. मी हात तसाच ठेवला, सिग्नल बंद केला, आणि बोट वर आलं.

अठरा वर्षं पोरं रीडिंग मारताना पकडली. बापाला पकडायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. मी एक पुठ्ठ्याचं खोकं आणून जनरेटर आणि माझे हात झाकले. त्यांनी त्या खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. कळलं त्यांना.

तीन हजार चारशे लावलं. जोर थोडा. काही नाही. अर्धा. काही नाही. मग मी नॉब शेवटपर्यंत फिरवला. त्यांच्या कानावर घट्ट बसलेल्या हेडफोनमधून तो आवाज टेबलाच्या या बाजूला मला स्वच्छ ऐकू येत होता, बारीक, सरळ, न तुटणारा. ते ताठ बसले होते, बोट मांडीवर तयार ठेवून, भुवया उंचावून, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे.

“लाव ना बाय,” ते म्हणाले. “कवाचा बसलोय.”

मी जनरेटर बंद केला. खोलीत शांतता झाली ती फक्त मला कळली. दुसऱ्या रकान्यात काही लिहिण्यासारखं नव्हतं. मी हेडफोन काढला, खुर्ची त्यांच्यासमोर ओढली आणि सावकाश, जाड आवाजात, तोंडापुढे तोंड आणून सांगितलं की बझर ह्या फ्रिक्वेन्सीवर आहे आणि ही फ्रिक्वेन्सी तुमच्या कानाला राहिलेली नाही, त्या इंजिनाने ती खाल्ली आहे. चूक माझी आहे. मी सगळ्यांच्या कानांनी ऐकून बझर केला आणि ज्याच्यासाठी केला त्याचा कान बघितला नाही. मी खालच्या आवाजाचा दुसरा करीन, घंटा परत लावू, काहीही करू. पण हा कागद मी खोटा देणार नाही, आणि तुम्ही सोमवारी खाली उतरणार नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग टेबलावरचा तक्ता स्वतःकडे ओढला आणि त्या मोकळ्या रकान्यावर बोट ठेवलं. इंजिनाच्या तेलाने काळं झालेलं ते नख अजून तसंच होतं.

“हतं कायतरी लिव.”

“काय लिहू?”

“वरती लिवलंस तसं. येक आकडा. कोन बघतंय?”

“बाबा, नाही.”

“त्याला म्हायती व्हतं,” ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. “मना ऐकाया येत न्हाय, म्हायती व्हतं त्याला. कोनाला बोल्ला न्हाय तो. सायबाला बी बोल्ला न्हाय. त्यानं माज्यापायी पाय घालवला, नि तुज्यानं येक खाना भरवत न्हाय?”

मला राग आला. म्हणावंसं वाटलं की तुम्ही पहिल्या दिवशी एक शब्द बोलला असतात तर काकांचा पाय शाबूत असता. ते माझ्या जिभेवर आलं होतं. मी गिळलं, कारण ते जितकं त्यांना लागू होतं तितकंच मलाही होतं. मी पेन घेतलं, तीन हजार चारशेच्या पुढे “ऐकू येत नाही” असं लिहिलं, खाली सही केली, आणि निरीक्षण ज्याचं त्याचीही सही लागते म्हणून कागद त्यांच्यापुढे केला. त्यांनी सही केली नाही. दारात जाऊन चपला घातल्या आणि एस.टी. स्टँडच्या दिशेने चालायला लागले. पाठीमागून गाडी किरटा हॉर्न वाजवत आली तशी मी धावले, पण ती त्यांना वळसा घालून गेली. त्यांनी वळून पाहिलं नाही. हॉर्न वाजला हेही त्यांना कळलं नसावं.

कागद मी सोमवारी दिला. लाँचच्या खणात आता दुसरा डायवर असतो, त्याच्या डोक्यावर पुन्हा पितळी घंटा आहे. पाय घसरल्याच्या काकांच्या जबाबाचं काय झालं ते मला माहीत नाही, साहेबांनी मला ते विचारू दिलं नाही. बाबा रोज संध्याकाळी काकांच्या अंगणात जाऊन बसतात आणि अंधार पडायच्या आत घरी येतात. आई सांगते, तिथे दोघं बोलतात, हसतात सुद्धा. मी दर शनिवारी जाते. बाबा मला बघतात, उठतात आणि परसात जाऊन बसतात. मी मागोमाग जाऊन, समोर बसून, जाड आवाजात बोलते. त्यांना ऐकू येतं. ते उत्तर देत नाहीत.